एकच दुकान, अकरा वर्षं: धंदा 'जमला' हे कशावरून ठरवायचं?

चोपडा_स्टेटर (प्रश्न)

राम राम मंडळी. चोपड्यात मोटार रिवाइंडिंगचं (जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याचं) दुकान आहे, अकरा वर्षांपासून. काम मुख्यतः सबमर्सिबलचं (पाण्याखाली चालणाऱ्या मोटारींचं), जोडीला मोनोब्लॉक (मोटार-पंप एकत्र असलेले) आणि स्टार्टरची दुरुस्ती. आकडे लपवत नाही, कारण त्याशिवाय उत्तर नेमकं मिळणार नाही.

वर्षाची उलाढाल ३६ लाख. सामान (वाइंडिंग वायर, बुश, बेअरिंग, केबल, सुटे भाग) १९ लाख ८० हजार. दोन कारागीर २० हजारांवर, एक मदतनीस ११ हजारांवर. लाइट, गाडी, फोन, किरकोळ धरून महिन्याला १४ हजार. गाळा वडिलांचा, भाडं नाही. बँकेचं कर्ज साडेतीन लाख शिल्लक. दुकानात माल साधारण ५ लाखांचा, उधारी ६ लाख ४० हजार. घरी महिन्याला ५० हजार नेतो. दुकानात रोज बारा तास, वर्षाचे ३३० दिवस.

नातेवाईक विचारतात, "अजून एकच दुकान? शिरपूरला दुसरं टाक." घरचे म्हणतात, आहे त्यात भागतंय, घरी लवकर या. दोघांचं ऐकून डोकं गरगरतं. मला 'मोठा हो' किंवा 'समाधान माना' या छापाचं उत्तर नको. एका कागदावर मावेल असं माप सांगा, ज्यावर दरवर्षी बघता येईल की हा माणूस आपल्या धंद्यात यशस्वी आहे की नाही.

---

खतावणी_जळगाव

भाऊ, आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचं, साल (वर्षाची मजुरी) ठरतं. तुम्ही स्वतःचं साल कधी ठरवलं आहे का? बहुतेक दुकानदारांनी ठरवलेलं नसतं. गल्ल्यात उरलं ते आपलं, असा हिशेब चालतो आणि त्यामुळे मजुरी कुठली, नफा कुठला हे कधीच कळत नाही. आधी ते वेगळं करा. तुमचेच आकडे घेतो.

उलाढाल ३६,००,०००
सामान वजा १९,८०,०००, उरले १६,२०,०००
तिघांचे पगार वजा ६,१२,०००
लाइट, गाडी, किरकोळ वजा १,६८,०००
हातात ८,४०,०००

महिन्याला ७० हजार. हाच आकडा तुमच्या मनात 'कमाई' म्हणून बसला असणार. आता जे खर्च खिशातून जात नाहीत, पण खरे आहेत, ते लावा.

मालकाचं साल: तुमच्याऐवजी वाइंडिंग, भाव सांगणं, खरेदी आणि गिऱ्हाईक सांभाळणारा फोरमन ठेवला तर त्याला काय द्याल? ३० हजार धरू, वर्षाचे ३,६०,०००.
गाळ्याचं भाडं: हाच गाळा दुसऱ्याला दिला तर येईल ते. ८ हजार धरू, ९६,०००.
अडकलेल्या स्वतःच्या पैशाचं व्याज: माल ५ लाख आणि उधारी ६.४ लाख मिळून ११.४ लाख, त्यातून बँकेचे ३.५ वजा केले की तुमचे ७.९ लाख. ७ टक्क्यांनी ५५,३००.
कर्जाचं व्याज ११ टक्क्यांनी ३८,५००.
वाइंडिंग मशीन, चेनकप्पी, गाडी यांची झीज ४५,०००.
बुडीत: उधारीच्या दहा टक्के, ६४,०००.

बेरीज ६,५८,८००. उरले १,८१,२००. धंद्याचा नफा हा. उलाढालीच्या पाच टक्के, महिन्याला १५ हजारांच्या आसपास.

आता तास बघा. साल आणि नफा मिळून ५,४१,२००. तुमचे तास १२ गुणिले ३३०, म्हणजे ३,९६०. ताशी १३७ रुपये पडतात. तुमचा कारागीर २६ दिवस, रोज नऊ तास काम करतो असं धरलं तर त्याला ताशी ८५ पडतात. आणि तो ३० हजारांचा फोरमन तेवढ्याच तासांत ताशी १२८ घेऊन जाईल. म्हणजे दुकान मालकीचं असल्याबद्दल, उधारीची जोखीम, कर्जावरची सही आणि रात्रीचे फोन या सगळ्याबद्दल तुम्हाला तासाला ९ रुपये जास्त मिळतात.

कागदावर पहिली ओळ हीच लिहा: मालकीचे ताशी किती. दरवर्षी हा आकडा वाढतोय की घटतोय ते बघा. उलाढाल ३६ची ४५ झाली आणि हा आकडा ९चा ४ झाला, तर तुम्ही मोठे झालात पण स्वतःला स्वस्तात विकलंत.

एक सावधगिरी. छोट्या धंद्याला आयकरात ठरावीक टक्क्यांनी अंदाजित नफा दाखवायची सोय आहे: रोखीच्या जमेवर ८ टक्के, बँकेतून आलेल्यावर ६. पुष्कळ जण तोच आकडा स्वतःचा नफा समजतात. तो कमीत कमी आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा असतो. आणि उद्या कर्ज मागायला गेलात की बँक तुमच्या तोंडचा ७० हजाराचा आकडा ऐकत नाही, रिटर्नमधला वाचते.

---

चोपडा_स्टेटर

९ रुपये वाचून चहा थंड झाला. बरं, हे माप घेतलं. पण निव्वळ पैशात मोजायचं तर मग मी फोरमनच का होऊ नये?

---

यावल_वाइंडर

खतावणीदादांचा हिशेब बरोबर आहे, पण रिवाइंडिंगवाल्याचं यश पैशाआधी एका वेगळ्या वहीत दिसतं. परत आलेल्या मोटारींच्या. वर्षाला किती मोटारी बांधता आणि सहा महिन्यांच्या आत किती परत येतात? बहुतेक दुकानांत हा आकडा कुणाला सांगता येत नाही, कारण परतीची मोटार लाजेकाजेनं रात्री गुपचूप बांधून दिली जाते आणि तिचं सामान नेहमीच्या खर्चात मिसळून जातं.

अंदाज करा. एका परतीला सामान अडीच हजारांचं, कारागिराचे दोन दिवस म्हणजे सव्वापंधराशेच्या वर, आणि बोअरमधून मोटार पुन्हा काढून सोडायचे दीड हजार शेतकरी तुमच्याकडूनच घेणार. झाले साडेपाच हजार. वर्षाला अशा २४ मोटारी असतील तर १ लाख ३२ हजार. वर निघालेला नफा १ लाख ८१ हजार होता. म्हणजे नफ्याच्या जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम परतीत जाते आहे. ती वाचवायला ना दुसरं दुकान लागत, ना कर्ज.

पण परत आलेली प्रत्येक मोटार दुकानाची चूक नसते. स्टेटर (मोटारीचा तार भरलेला स्थिर भाग) उघडला की सांगाडा बोलतो, तो लिहून ठेवा:

स्टार जोडणीत दोन फेजचे गट काळे आणि तिसरा नवाकोरा असेल तर एक फेज गेला होता, म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी एक बंद होती. डेल्टा असेल तर एकच गट काळा दिसतो. हा दोष लाइनचा किंवा स्टार्टरचा. सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटार बंद करणारं यंत्र) बसवलेला होता का आणि कुणी तार मारून बायपास केला का, ते आधी विचारा.

तिन्ही फेज सारखे भाजलेले असतील तर कमी व्होल्टेज, जास्त लोड किंवा पंप जाम. व्होल्टेज पडलं की मोटार तेवढंच पाणी ओढायला जास्त अँपिअर घेते. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरपेक्षा वर फिरवून ठेवलेला असतो, 'सारखी ट्रिप होते' म्हणून.

थ्रस्ट बेअरिंग खल्लास, बुश घासलेले आणि पंपाचे इंपेलर (पाणी ढकलणारे पंखे) वितळल्यासारखे दिसले तर मोटार कोरडी चालली. मार्चनंतर पाणी खाली गेलेलं असतं, मोटार मात्र जुन्याच खोलीवर लटकलेली. मेमध्ये यावल-रावेर पट्ट्यात याच मोटारी जास्त.

आणि एकाच जागी, जॉइंटवर किंवा स्लॉटच्या (तार बसवायच्या खाचेच्या) तोंडाशी भोक पडून बाकी वाइंडिंग शाबूत असेल तर भाऊ, ती तुमची. पाण्याच्या मोटारीत प्लॅस्टिकच्या वेष्टणाची तार असते. स्लॉटमध्ये ओढताना धारेवर घासली की वेष्टणाला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडतं आणि पाणी तेवढंच शोधत असतं. स्लॉटच्या कडा कानशीनं मोडणं, जॉइंट कोरड्या हातानं बांधणं, टेपचा प्रत्येक वेढा निम्मा आधीच्यावर चढवणं, आणि बांधून झालेला स्टेटर २४ तास पाण्यात बुडवून ५०० व्होल्टच्या मेगरवर (वेष्टणातून वीज गळते का ते मोजणाऱ्या यंत्रावर) बघणं, ही चार कामं टाळली की परत येते. बुडवल्यावर पहिल्या तासाला आलेलं रीडिंग आणि दुसऱ्या दिवशीचं रीडिंग दोन्ही लिहा. ते झपाट्यानं घसरत असेल तर मोटार दुकानाबाहेर जाऊ देऊ नका, शेतकरी दारात केळीच्या नावानं रडत असला तरी. सीझनमध्ये हेच २४ तास पहिले कापले जातात. त्याचं बिल जुलैत येतं.

अजून एक चूक: जुनं वाइंडिंग तोडायच्या आत टर्न (वेढे), तारेचा गेज (जाडी), पिच (गुंडाळीच्या दोन बाजूंतलं अंतर) आणि जोडणी लिहून न घेणं. आधीच्या कुणी गेज चोरून बारीक तार भरलेली असेल तर तीच कॉपी होत राहते. गेज मायक्रोमीटरनं मोजा, वेष्टण सोलून. शंका आली तर त्याच कंपनीच्या, त्याच एचपीच्या न उघडलेल्या मोटारीशी ताडून बघा.

कागदावरची दुसरी ओळ: आपल्या दोषाच्या परती, शंभरात किती. दोनच्या खाली आणलात तर कारागीर म्हणून तुम्ही यशस्वी. हे माप मी तरी पैशाच्या वर ठेवतो.

उधारीवर थोडं. ६.४ लाख म्हणजे ३६ लाखांच्या हिशेबानं ६५ दिवसांची विक्री लोकांच्या खिशात. केळीवाल्याचा पैसा कापणीप्रमाणे वर्षभर फिरतो, कापूसवाल्याचा दिवाळीनंतर येतो. दोघांना एकच मुदत लावून चालत नाही. सरळ नियम करा: तांबं रोख, मजुरी उधार. तार वजन करून त्या दिवसाच्या भावानं बिलावर वेगळी लिहा. तेवढे पैसे आल्याशिवाय मोटार उचलायची नाही. मजुरी पिकावर. असं केलं की बुडालं तरी तुमची मेहनत बुडते, व्यापाऱ्याकडून रोखीनं आणलेलं तांबं नाही. आणि उधारी थकलेला गिऱ्हाईक पुढची मोटार दुसऱ्या दुकानात नेतो, हे तर तुम्हाला माहीतच आहे. उधारीत पैसा जातो आणि गिऱ्हाईकही जातं.

जळकं तांबं कुठे जमा करता? ते विकून आलेले पैसे गल्ल्यात न येता खिशात जात असतील तर वरचा सगळा हिशेब खोटा. बहुतेक ठिकाणी जातात.

---

खतावणी_जळगाव

उधारीत एक भर. जिनिंग, पाणीपुरवठा संस्था, कारखाना अशी गिऱ्हाईकं असतील तर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) करून ठेवा, ती फुकट होते. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानं तुमचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी वेळेत न दिलेली रक्कम घेणाऱ्याला आयकरात त्या वर्षाचा खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येते. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचेच हिशेबनीस फोन करतात. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला हवा आणि नोंदणी कामाच्या आधीची हवी. शेतकऱ्यांच्या उधारीला मात्र यावलवाल्या भाऊंचाच नियम.

६५ दिवसांची उधारी ४० वर आली तर ती ३ लाख ९५ हजार होते. सुटले २ लाख ४५ हजार. ते कर्जात भरले तर वर्षाला २७ हजार व्याज वाचतं.

---

बिबडे_अमळनेर

दादा, तुमचा "फोरमनच का होऊ नये" हा प्रश्न राहून गेला, म्हणून लिहिते. आमचा धंदा बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, कुरडया, मसाला. मोटारीतलं कळत नाही, पण सीझनचा धंदा कळतो. ज्वारी भिजत घालण्यापासून वाळवण उतरेपर्यंत सगळं फेब्रुवारी ते मे. तुमचं पण मार्च ते जून.

सीझनच्या धंद्यात माणूस दोनदा फसतो. मेमध्ये गल्ला बघून वाटतं आपण राजा, ऑगस्टमध्ये वाटतं बुडालो. दोन्ही खोटं. म्हणून सीझनमध्येच पावसाळ्याची पेटी भरायची. तुमचे तिघांचे पगार ५१ हजार, खर्च १४ हजार आणि तुमचं साल ३० हजार, महिन्याला ९५ हजार होतात. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर तीन महिन्यांचे २ लाख ८५ हजार. हे वेगळ्या खात्यात ३० जूनच्या आत पडले पाहिजेत. पडले की त्या वर्षाची एक ओळ पास.

फोरमन होण्यात आणि मालक होण्यात फरक एकच, वेळ कुणाच्या हातात आहे. आज तुमचा वेळ गिऱ्हाइकाच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला फरक दिसत नाही. तो मोजायची रीत सांगते. दुकान तुमच्याशिवाय चालवून बघा, पण एकदम आठवडाभर नाही.

आधी एक दिवस, आडवारी. फोन चालू ठेवायचा आणि प्रत्येक फोन कशासाठी आला ते लिहायचं. साधारण पाच कारणं निघतात: भाव काय सांगू, उधार देऊ का, सामान संपलं, चावी कुठे, गिऱ्हाईक चिडलंय. एकेका कारणाला कागद तयार करायचा. भावाला एचपीप्रमाणे मजुरीचा तक्ता. उधारीला नावांची यादी आणि मर्यादा, "पाच हजारांपर्यंत द्या, पुढे मला विचारा" अशी. सामानाला 'इतकं उरलं की मागवा' ही खूण. चिडलेल्याला एकच वाक्य, "मालक परवा येऊन स्वतः बघतील", बाकी वाद नाही. मग तीन दिवस. मग सात. तीन दिवसांवर अडकतं ते रोकड आणि खरेदीवर. दोघांनी मिळून रोज संध्याकाळी गल्ला मोजून फोटो पाठवायचा ही सवय लागली की ते सुटतं. सातला अडकतं ते कारागिराच्या मनात, तो म्हणतो मालक नाही तर मी तरी का राबू. त्याला त्या आठवड्याच्या मजुरीतला वाटा द्या.

सीझनमध्ये ही परीक्षा घेऊ नका. श्रावणात कानबाईच्या (आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या) रोटांच्या आसपास घ्या, तेव्हा मोटारी कमी असतात आणि घरी तुमची गरजही असते.

तिसरी गोष्ट, पुरे किती. हा आकडा घरात बसून, बायकोला सोबत घेऊन काढायचा, दुकानात नाही. नमुना देते: किराणा-दूध-गॅस-लाइट १६ हजार, शिक्षण ९, विमा आणि औषधं साडेचार, पेट्रोल-फोन साडेतीन, लग्नकार्य आणि सणवार ५, घराची डागडुजी ३, म्हातारपणासाठी ८. झाले ४९ हजार. तुम्ही ५० नेता म्हणता, पण त्यात शेवटची ओळ आहे का? नसेल तर तुमचं भागत नाही, तुम्ही म्हातारपणाकडून उसने घेताय. सणवारची ओळ आपल्याकडे सगळे कमी धरतात. आखाजीला लेक-बहिणी माहेरी येतात, कानबाईला सगळं भाऊबंद जमतं, ते पाच हजारांत बसतं का बघा.

---

खतावणी_जळगाव

ताईंच्या ४९ हजारांवरून. वर्षाचे ५ लाख ८८ हजार. दादांच्या हातातले ८ लाख ४० हजार, त्यातून कर्जाचं व्याज ३८,५००, मुद्दल समजा ७०,०००, झीज ४५,००० आणि बुडीत ६४,००० वजा केले तर राहतात ६ लाख २२ हजार ५००. म्हणजे पुरेची रेघ ३४,५०० नं ओलांडली आहे. काठावर पास. एक लग्न किंवा एक दवाखाना आला की खाली.

---

शिरपूर_पंप

माझा थोडा विरोध नोंदवा. फोरमन ३० हजारांत धरला, पण हातात कला, तोंडात भाव आणि गल्ल्याला हात न लावणारा असा माणूस ३० हजारांत उभा करून दाखवा. तो मिळत नाही म्हणूनच मालक बारा तास बसतो. त्याचा भाव ४० धरला तर तुमचा 'नफा' ६१ हजारांवर येतो. उलट बारा तास दुकानात असणं म्हणजे बारा तास काम नव्हे, त्यात चार तास गप्पा आणि वाट बघणं असतं. म्हणून ते ताशी १३७ फार मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षीशी तुलना करायला ते बरं.

आता दुसऱ्या दुकानाचं. शिरपूर म्हणजे रोज जाऊन येऊन दोन तासांच्या वर, त्यामुळे तिथे फोरमन ठेवावाच लागणार. भाडं ८, फोरमन ३०, कारागीर २०, मदतनीस ११, लाइट-किरकोळ ९, असे महिन्याला ७८ हजार. तुमच्या विक्रीत सामान ५५ टक्के जातं, ४५ टक्के उरतात. ७८ हजार भरून निघायला महिन्याला १ लाख ७३ हजारांची विक्री लागते, वर्षाला २० लाख ८० हजार. ना नफा ना तोटा यायलाच एवढी. शिवाय माल ३ लाखांचा आणि ६५ दिवसांच्या हिशेबानं उधारी ३ लाख ७० हजार, म्हणजे पावणेसात लाख अडकले. नवीन गावात उधारी ६५ वर थांबत नाही. नव्या दुकानाकडे पहिले येतात ते जुन्या दुकानानं उधारीसाठी हाकललेले.

आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाहीये ते सौर. सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत ३, ५ आणि साडेसात एचपीचे पंप मिळतात. शेतकऱ्याचा वाटा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५, आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी पुरवठादाराची. म्हणजे ती मोटार पाच वर्षं तुमच्या दारात येणार नाही, आणि आली तरी तिच्यासोबत कंट्रोलर असेल, स्टार्टर नव्हे. दुसरीकडे खोल बोअरवाल्यांना साडेसातमध्ये भागत नाही, १० आणि १५ एचपीची मोटार विजेवरच राहील. तेव्हा गेल्या दोन वर्षांची पावतीबुकं काढा आणि मोटारी दोन गटांत मोजा: साडेसातपर्यंतच्या आणि त्यावरच्या. पहिला गट मजुरीच्या सत्तर टक्के असेल तर दुसरं दुकान म्हणजे जुन्या धंद्यावर दुसऱ्यांदा पैज. त्याच पैशात सौर कंट्रोलर आणि ड्राइव्ह (मोटारीचा वेग सांभाळणारं यंत्र) दुरुस्तीचं सामान, एक ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी दाखवणारं यंत्र) आणि एका पोराचं शिक्षण बसतं.

गावानं विचारलं, 'एकच दुकान का?' तर सांगा, मोजून एकच ठेवलंय.

---

चोपडा_स्टेटर

सगळ्यांचे आभार. कागद असा केलाय, चुकलं तर सांगा. बघायची तारीख ३१ मार्च नाही, कारण तेव्हा आणि आखाजीला दुकानात मान वर काढायला वेळ नसतो. पोळ्याचा आठवडा ठरवलाय, सीझन संपून उधारीचं खरं चित्र तोवर दिसतं.

१. मालकीचे ताशी किती. आज ९. (फोरमन ४० धरला तर उणे, ते पेन्सिलीनं बाजूला लिहिलंय.)
२. आपल्या दोषाच्या परती शंभरात किती. आज माहीत नाही, वही आजपासून.
३. उधारी किती दिवसांची. आज ६५, पुढच्या पोळ्याला ५०.
४. पावसाळ्याची पेटी. आज शून्य, लक्ष्य २,८५,०००.
५. माझ्याविना सलग किती दिवस. आज अर्धा.
६. पुरेची रेघ. घरी बसून काढली, ५३ हजार निघाली. सणवार खरंच कमी धरला होता.

शिरपूरचं यावर्षी नाही. साडेसातच्या आतल्या मोटारी मोजायला सुरुवात केलीय, पहिल्या पावतीबुकात १०० पैकी ७८ निघाल्या. जळक्या तांब्याचं म्हणाल तर, हो, खिशात जात होतं.

एक अडचण: तांबं रोख म्हटल्यावर जुनी गिऱ्हाईकं "आमच्यावर भरवसा नाही का" म्हणतील. त्यांना कसं सांगायचं?

---

यावल_वाइंडर

तोंडानं सांगूच नका. दारात काळा फळा लावा आणि रोज सकाळी त्यावर त्या दिवसाचा तारेचा किलोचा भाव लिहा. मोटार खोलल्यावर जुनं तांबं गिऱ्हाइकासमोर तराजूत टाका, त्याचे भंगारभावानं पैसे बिलातून वजा करा. मग नवी तार त्याच तराजूत टाका. उरलेला फरक रोख. स्वतःच्या डोळ्यांनी दोन्ही वजनं बघितलेला माणूस तांब्याच्या पैशावर सहसा भांडत नाही, मजुरीवर भांडतो. तिथे थोडं सोडा.

फक्त वजन करताना जुन्या तारेचं वेष्टण सोलून, पाणी निथळू देऊन मग टाका. ओलं टाकलंत तर पाण्याचे पैसे तुम्ही देताय.